परतण्याचा हक्क : बाबासाहेबांची तीन शहरे

विद्यार्थिदशेत ज्या परक्या शहरात आपण राहिलो, तेथे पुन्हा जाण्याचा प्रसंग आपल्याकडील आठवणींच्या लेखनात अनेकदा येतो. बहुधा तो स्मरणरंजनाच्या अंगाने येतो. जुनी खोली, बदललेली दुकाने, आता हयात नसलेले प्राध्यापक आणि त्या सर्वांमागून डोकावणारे स्वतःचे तारुण्य, असा त्याचा नेहमीचा विषय असतो. परंतु अशा परतण्याला एक व्यावहारिक बाजूही असते आणि तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. परत जायचे तर जागा राखून ठेवलेली असावी लागते, पैसा उभा करावा लागतो आणि त्या शहरानेही आपल्याला पुन्हा आत घ्यावे लागते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या चरित्राकडे या दृष्टीने पाहिले, तर त्यात परतण्याचे अनेक प्रसंग दिसतात. न्यूयॉर्क आणि लंडन या दोन शहरांत ते विद्यार्थी म्हणून राहिले आणि दोन्हीकडे पुन्हा गेले. तिसरे शहर बडोदे. त्याने त्यांना शिकण्यासाठी परदेशी धाडले आणि शिकून आल्यावर राहायला खोली दिली नाही.

बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद येथील जुन्या मराठी कुटुंबांना या कथेचा पहिला भाग चांगला पाठ असतो. महू हे इंदूरजवळचे लष्करी ठाणे बाबासाहेबांचे जन्मस्थान. सयाजीराव महाराजांनी त्यांना शिष्यवृत्ती दिली. हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाने १२ जानेवारी १९५३ रोजी त्यांना सन्माननीय पदवी दिली. या गोष्टी आपण समारंभांत अभिमानाने सांगतो आणि त्यात गैर काही नाही. मात्र या तीन शहरांचा वृत्तान्त एकापाठोपाठ एक ठेवून वाचला, तर अभिमानाबरोबर दुसरेही काही पदरी येते. प्रस्तुत लेखाचा प्रयत्न तेवढाच आहे.

करार आणि पहिले प्रस्थान

सयाजीराव गायकवाड यांना अमेरिकेविषयी वाटणारी आस्था केवळ ऐकीव माहितीवर उभी नव्हती. १९०६ साली त्यांनी तो देश पाहिला होता. राजपुत्र जयसिंहराव हार्वर्डमध्ये शिकत होते. बडोद्यातील ग्रंथालयांची घडी बसविण्यासाठी महाराजांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून घेतले. राज्यभर सक्तीचे प्राथमिक शिक्षण १९०६ मध्ये लागू झाले होते आणि अंत्यजांसाठी स्वतंत्र शाळा त्याच्याही पुष्कळ आधीपासून चालत होत्या. अशा राजाने एल्फिन्स्टन महाविद्यालयातील भीमराव आंबेडकर नावाच्या विद्यार्थ्यास दरमहा पंचवीस रुपये दिले आणि पुढे त्याला परदेशी पाठविण्याचे ठरविले, यात त्याच्या एकूण धोरणाशी सुसंगत असेच काही होते.

भीमराव १९१३ च्या आरंभी बडोदे संस्थानाच्या नोकरीत रुजू झाले. परंतु थोड्याच दिवसांत वडील रामजी सकपाळ अत्यवस्थ असल्याचे समजल्याने त्यांना मुंबईस जावे लागले. २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजींचे निधन झाले. त्यानंतर ४ जून १९१३ रोजी संस्थानाशी करार झाला. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे, आणि शिक्षण संपल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी, अशा त्याच्या अटी होत्या. म्हणजे परत येणे हे या प्रवासाच्या पहिल्या दिवसापासून कागदावर लिहिलेले होते. कोठे परतायचे, किती वर्षांसाठी आणि कोणत्या कामासाठी, हे सारे ठरलेले होते.

जुलै १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले आणि कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. काही काळाने ते लिव्हिंग्स्टन हॉल या वसतिगृहात नवल भथेना या पारशी विद्यार्थ्यासोबत राहू लागले. हा स्नेह आयुष्यभर टिकला आणि पुढे ऐन अडचणीच्या वेळी उपयोगी पडला. अर्थशास्त्र हा मुख्य विषय. जोडीला इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र आणि राज्यशास्त्र. १९१५ मध्ये ते एम. ए. झाले. ९ मे १९१६ रोजी अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या अभ्यासवर्गात त्यांनी भारतातील जातींची यंत्रणा, उत्पत्ती आणि विकास यांवर निबंध वाचला. जात टिकते ती मुख्यतः जातीबाहेर विवाह न करण्याच्या नियमामुळे, हे त्यातील प्रतिपादन पुढे त्यांनी कधीच सोडले नाही. वयाच्या पंचविसाव्या वर्षी, हिंदुस्थानपासून हजारो मैलांवर, ज्यांच्यावर जातीचा भार कधी पडलाच नव्हता अशा श्रोत्यांपुढे तो निबंध वाचला गेला. मायदेशातील कोणत्या सभेत त्या वेळी त्यांना असे शांतपणे ऐकून घेतले गेले असते, असा प्रश्न मनात आल्याशिवाय राहत नाही.

जॉन ड्यूई, एडविन सेलिग्मन, जेम्स शॉटवेल आणि जेम्स हार्वे रॉबिन्सन हे त्यांचे तेथील आवडते प्राध्यापक. आयुष्यात लाभलेले उत्तम मित्र म्हणून १९३० साली त्यांनी कोलंबियातील काही सहाध्यायांचा आणि या चौघांचा उल्लेख केला. जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून त्यांनी न्यूयॉर्कमध्ये सुमारे दोन हजार ग्रंथ जमविले, असे चरित्रकार धनंजय कीर सांगतात. साडेअकरा पौंडांत स्वतःचा निर्वाह करून आणि त्यातूनच घरी पैसे पाठवून हा संग्रह झाला, हे ध्यानात घेतले म्हणजे त्यामागील ओढ कळते.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. न्यूयॉर्क हे समतेचे नंदनवन होते असे मानण्याचे कारण नाही. कोलंबियाच्या शेजारीच हार्लेमची वस्ती होती आणि कृष्णवर्णीय नागरिकांना त्या देशात काय सोसावे लागत होते हे उघड होते. बाबासाहेबांनी ते दृष्टीआड केले नाही. १९४६ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीयांचे नेते विल्यम ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले आणि त्यांच्या समाजाच्या प्रश्नाचा आपण अभ्यास करीत आलो आहोत, असे कळविले. सांगायचे ते इतकेच की त्या शहरात हिंदुस्थानी विद्यार्थ्यास त्याची जात कोणी विचारीत नसे. युरोप-अमेरिकेतील वास्तव्यात आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती, असे त्यांनी स्वतःच्या आठवणींत लिहून ठेवले आहे. विद्येबरोबर त्या शहराने दिलेले हे दुसरे दान होते. बडोद्याच्या करारात त्याचा उल्लेख असण्याचे कारणच नव्हते.

चार वर्षांची सवड

१९१६ मध्ये बाबासाहेब लंडनला आले. ऑक्टोबरात त्यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि नोव्हेंबरात बॅरिस्टरीसाठी ग्रेज इन या संस्थेत नाव दाखल केले. शिष्यवृत्तीची वाढवून मिळालेली मुदत १९१७ च्या उन्हाळ्यात संपली आणि संस्थानाकडून परत येण्याचा निरोप आला. एम. एस्सी.चे काम अर्धे झाले होते आणि बॅरिस्टरीचा नुकताच आरंभ होता. कोणत्याही विद्यार्थ्यास असा निरोप म्हणजे अभ्यासावर पडलेला पडदाच वाटावा.

या ठिकाणी लंडन विद्यापीठाने जे केले ते वरवर पाहता एक साधे कार्यालयीन काम होते. प्राध्यापक एडविन कॅनन यांच्या साहाय्याने बाबासाहेबांना अशी परवानगी मिळाली की ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत ते परत आले, तर अभ्यास जेथे थांबला तेथून पुढे सुरू करता येईल. पैशाची मदत यात नव्हती. मात्र एक जागा राखून ठेवली गेली. परक्या शहराने परतण्याचा हक्क दिला आणि त्याची मुदतही सांगितली. गरीब विद्यार्थ्याच्या दृष्टीने अशा कागदाचे मोल किती असते, हे ज्यांच्या घरातील पहिला मुलगा शिष्यवृत्तीवर शिकला त्या कुटुंबांना वेगळे सांगावयास नको.

ते निघाले ते दिवस महायुद्धाचे होते. सामान आणि पुस्तके वेगळ्या बोटीने पाठविली होती. ती बोट शत्रूने बुडविली आणि ग्रंथसंग्रहाचा मोठा भाग तिच्याबरोबर समुद्रात गेला. ऑगस्ट १९१७ मध्ये बाबासाहेब मुंबईस उतरले आणि सप्टेंबरात करार पाळण्यासाठी बडोद्यास गेले.

बडोद्यातील अकरा दिवस

यानंतरची हकीकत बाबासाहेबांनी स्वतः लिहिली आहे आणि ती त्यांच्याच क्रमाने सांगणे योग्य होईल. बडोद्याच्या स्थानकावर उतरताच पहिला प्रश्न उभा राहिला तो कोठे जावे हा. हिंदूंच्या खाणावळी आणि उतारू बंगले त्यांना बंद होते. नाव बदलून तेथे शिरणे शक्य होते. पण जात उघड झाल्यास काय होईल याची त्यांना कल्पना होती. शेवटी ते एका पारशी धर्मशाळेत गेले. तेथील व्यवस्थापकाने, वहीत पारशी नाव लिहिले जावे या अटीवर, त्यांना ठेवून घेतले. वरच्या मजल्यावरील एका मोठ्या दालनात दिव्याच्या मंद उजेडात ते एकटे राहू लागले. अडगळीचे सामान भरलेले ते दालन तळघरासारखे भासे, असे ते सांगतात. दिवसा कचेरी आणि रात्री पुस्तक, असा क्रम चालू होता. संस्थानाच्या बंगल्यापैकी एखादा राहण्यास मिळावा म्हणून त्यांनी दिवाणांकडे अर्ज केला होता आणि त्याची ते वाट पाहत होते.

महाराजांच्या लष्करी चिटणिसाच्या जागेवर त्यांची नेमणूक झाली होती. पुढे त्यांना अर्थखाते सोपवावे असा विचार होता. कचेरीतले शिपाई कागदपत्रे हातात न देता दुरून टाकीत, हे कीरांनी नोंदविले आहे. ज्याने कोलंबियात राष्ट्रीय उत्पन्नावर प्रबंध लिहिला त्याच्या टेबलावर फायली फेकल्या जात होत्या. अकराव्या दिवशी सकाळी, ते कामावर निघाले असता, दहा-बारा पारशी हातात काठ्या घेऊन धर्मशाळेत आले. धर्मशाळा बाटविली असा त्यांचा आरोप होता. एक आठवडा तरी राहू द्या, ही विनंती त्यांनी मानली नाही. संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचे बजावून ते गेले.

शहरात ओळखीची दोन माणसे होती, एक हिंदू आणि एक ख्रिस्ती. हिंदू मित्राने सांगितले की तुम्ही आलात तर घरचे नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्राला पत्नीचा विचार घ्यावयाचा होता. ते कुटुंब मूळचे ब्राह्मण आणि पत्नीचे जुने संस्कार कायम होते. मुंबईची गाडी रात्री नऊ वाजता होती. मधले पाच तास कोठे काढावेत हा प्रश्न होता. ते त्यांनी कामाठी बागेत काढले. आज तिला आपण सयाजी बाग म्हणतो.

या घटनेचे वर्णन करताना पारशी मंडळींचा उल्लेख आपल्याकडे ठळकपणे होतो आणि तो खोटा नाही. पण हकीकत नीट वाचली तर दिसते की पारशी धर्मशाळेपर्यंत जाण्याची वेळ आली, कारण हिंदूंची सारी दारे आधीच बंद होती. १९१७ चे बडोदे मराठी माणसांनी भरलेले होते. दरबारात, कचेऱ्यांत, शाळांत, वाड्यांत मराठी बोलली जात होती. गायकवाडांच्या सेवेसाठी आलेली कुटुंबे तोवर पिढ्यान्‌पिढ्या तेथे स्थायिक झाली होती. या सर्वांत मराठी बोलणाऱ्या, महाराजांनी स्वतः निवडलेल्या, दोन खंडांतील विद्यापीठांत शिकून आलेल्या एका अधिकाऱ्यासाठी अकरा दिवसांत एक खोली निघाली नाही. ही गोष्ट कोणा एका घराच्या माथी मारता येत नाही आणि म्हणूनच तिच्यातून कोणतेही एक घर सुटत नाही. राजाने शाळा काढल्या, शिष्यवृत्त्या दिल्या, वटहुकूम काढले. घरमालकाचे मन बदलण्यास वटहुकूम पुरत नाही, हे बडोद्याने त्या सप्टेंबरात दाखवून दिले.

दहा वर्षांच्या नोकरीचा करार येथेच संपल्यात जमा झाला. करार मोडला असे म्हणणारे त्या काळी होते. परंतु ज्याला राहण्यास जागा मिळत नाही त्याने नोकरी कोठे राहून करावी, याचे उत्तर करारात नव्हते.

पुन्हा लंडन

लंडनने दिलेली मुदत चालू होती. ऑक्टोबर १९२१ च्या आत परतणे आवश्यक होते. नोव्हेंबर १९१८ मध्ये बाबासाहेब मुंबईच्या सिडनेहॅम महाविद्यालयात राजकीय अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. पगार दरमहा साडेचारशे रुपये. तेथेही पाण्याच्या भांड्यावरून काही सहकाऱ्यांनी कुरकूर केली. तरीही परळच्या चाळीत साधेपणाने राहून त्यांनी पैसे मागे टाकले. या काटकसरीत रमाबाईंचा वाटा किती मोठा होता, हे मराठी वाचकास ठाऊक आहे. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ पत्र निघाले. मार्चमध्ये माणगावच्या परिषदेत शाहू महाराजांनी त्यांचा जाहीर गौरव केला. त्याच महिन्यात त्यांनी प्राध्यापकी सोडली. स्वतःची शिल्लक, नवल भथेना यांचे पाच हजार रुपयांचे कर्ज आणि शाहू महाराजांचे दीड हजार रुपये एवढ्या बळावर जुलैमध्ये ते बोटीत बसले. बडोद्यात पारशी धर्मशाळेतून त्यांना बाहेर काढले गेले होते आणि लंडनला परतण्यासाठी सर्वांत मोठे कर्ज पारशी मित्राने दिले. एकाच समाजात दोन्ही प्रकारची माणसे असतात, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण.

पहिल्या खेपेचे लंडन आणि दुसऱ्या खेपेचे लंडन यांत फरक होता. १९१६ मध्ये ते संस्थानाचे शिष्यवृत्तीधारक होते आणि मुदत संस्थानाच्या हाती होती. १९२० मध्ये ते स्वतःच्या आणि मित्रांच्या पैशावर आले होते. प्रत्येक दिवसाची किंमत त्यांना माहीत होती. त्या वर्षी प्राध्यापक फॉक्सवेल यांनी संस्थेच्या चिटणिसांना लिहिले की या विद्यार्थ्यास जिंकण्यासाठी येथे नवे जग उरलेले नाही. तरीही विद्यार्थी जिंकायलाच बसला होता. ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात सकाळी दार उघडताना जावे आणि बंद होताना उठावे, मध्ये इंडिया ऑफिस व विद्यापीठाच्या ग्रंथालयांत जावे, असा त्यांचा दिवस असे. घरमालकिणीचे जेवण अपुरे पडे. रात्री भूक लागली म्हणजे ओळखीच्या माणसाने दिलेले पापड भाजून दुधाबरोबर खात आणि पुन्हा वाचनास बसत, असे कीर लिहितात. १९२१-२२ मध्ये ते १०, किंग हेन्रीज रोड या घरात राहत होते.

१९२१ मध्ये एम. एस्सी. मिळाली. १९२२ मध्ये बॅरिस्टरी पूर्ण झाली. ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा डी. एस्सी.चा प्रबंध त्यांनी ऑक्टोबर १९२२ मध्ये सादर केला. मधल्या काळात बॉन विद्यापीठातही जाऊन आले. मार्च १९२३ मध्ये परीक्षकांनी प्रबंधात फेरफार सुचविले. पैसे संपत आले होते, म्हणून मुंबईस परतूनच त्यांनी तो पुन्हा लिहून पाठविला आणि त्याच वर्षाअखेर तो मान्य झाला. तो ग्रंथ आईवडिलांच्या स्मृतीस अर्पण केलेला आहे.

कोलंबियाची पीएच. डी. राहिली होती, कारण प्रबंध छापून देण्याचा तेथे नियम होता. तो ग्रंथ १९२५ मध्ये सेलिग्मन यांच्या प्रस्तावनेसह लंडनमध्ये प्रसिद्ध झाला आणि १९२७ मध्ये पदवी मिळाली. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेचा हा अभ्यास बाबासाहेबांनी सयाजीराव गायकवाड यांना अर्पण केला. शिक्षणाच्या कामी केलेल्या मदतीबद्दल कृतज्ञता, एवढेच कारण त्यात नमूद आहे. बडोद्यातील अकरा दिवसांनंतर आठ वर्षांनी ही अर्पणपत्रिका लिहिली गेली. शहराचा अनुभव आणि राजाचे ऋण यांची गल्लत त्यांनी होऊ दिली नाही.

गोलमेज आणि राजाचे अश्रू

१९३० च्या ऑक्टोबरात बाबासाहेब पुन्हा लंडनकडे निघाले. या वेळी वाचनालयातील विद्यार्थी सेंट जेम्स राजवाड्यातील गोलमेज परिषदेचा सभासद होता. अस्पृश्य समाजाची स्थिती इंग्रजी राज्यात जशीच्या तशी राहिली, हे त्यांनी साम्राज्याच्या राजधानीतच स्पष्ट शब्दांत सांगितले. संस्थानिकांच्या बाजूस त्याच सभागृहात सयाजीराव महाराज बसले होते. ते भाषण ऐकून महाराजांचे डोळे भरून आले आणि आपले श्रम व पैसा सार्थकी लागल्याचे त्यांनी राणीसाहेबांना सांगितले, असा प्रसंग कीरांनी दिला आहे. महाराजांनी त्यांच्यासाठी खास भोजनही दिले. बडोद्यात जी पंगत घडली नाही ती लंडनमध्ये घडली. दाता आणि विद्यार्थी यांना एका टेबलाशी बसण्यासाठी सात समुद्र ओलांडावे लागले, हे त्या काळाचे वास्तव होते.

दुसऱ्या परिषदेनंतर, डिसेंबर १९३१ मध्ये, ते थोड्या दिवसांसाठी अमेरिकेस गेले. विश्रांती आणि जुन्या प्राध्यापकांची भेट हा त्या प्रवासाचा हेतू होता. १९३६ मध्ये ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ या आपल्या न झालेल्या भाषणात त्यांनी ड्यूईंचा उल्लेख आपले गुरू म्हणून केला आणि त्यांचे ऋण मानले. लाहोरच्या ज्या मंडळाने ते भाषण मागविले होते त्याने मजकूर पाहून परिषदच रद्द केली. विद्यार्थी असताना न्यूयॉर्कमध्ये जे बोलता आले, ते वीस वर्षांनंतर नामवंत पुढारी झाल्यावरही लाहोरमध्ये बोलता आले नाही.

जून १९५२

शेवटचे परतणे १९५२ मधले. मधल्या काळात सयाजीराव १९३९ मध्ये निवर्तले होते आणि १९४९ मध्ये बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले होते. ज्या संस्थानाशी करार झाला ते आता नकाशावरही नव्हते. बाबासाहेबांनी राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्षपद सांभाळले होते. हिंदू संहिता विधेयक रखडल्यावर सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले. जानेवारी १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मुंबईत त्यांचा पराभव झाला आणि त्यानंतर ते राज्यसभेवर निवडून गेले. प्रकृती खालावलेली, मधुमेह बळावलेला, वय एकसष्ट. अशा वेळी कोलंबिया विद्यापीठाने त्यांना सन्माननीय एलएल. डी. पदवी देऊ केली.

त्यांच्या चार आवडत्या प्राध्यापकांपैकी रॉबिन्सन १९३६ मध्ये आणि सेलिग्मन १९३९ मध्ये गेले होते. शॉटवेल हयात होते. ड्यूई ब्याण्णव वर्षांचे होते आणि न्यूयॉर्कमध्येच राहत होते. त्यांच्या भेटीची बाबासाहेबांना उत्कंठा होती. १ जून १९५२ रोजी ड्यूईंचे निधन झाले. आपले विमान रोमला असताना हे घडले, असे त्यांनी न्यूयॉर्कहून पत्नी सविताबाईंना लिहिले. आपले सारे बौद्धिक आयुष्य या माणसाचे देणे आहे, अशा अर्थाचे शब्द त्या पत्रात आहेत. छत्तीस वर्षांपूर्वी सुटलेल्या वर्गात परत येताना काही तासांची चुकामूक झाली. ज्यांच्यासमोर पदवी घ्यावी असे वाटावे, तो माणूस नुकताच गेलेला होता.

५ जून १९५२ रोजी पदवीदान झाले. विद्यापीठाच्या मानपत्रात त्यांचा घटनाकारांपैकी एक, थोर समाजसुधारक आणि मानवी हक्कांचे निर्भय कैवारी असा गौरव होता. दहा दिवसांच्या आत ते भारतात परतले.

आजची स्थिती

लंडनमधील किंग हेन्रीज रोडवरील घरावर त्यांच्या वास्तव्याची निळी पाटी आहे. महाराष्ट्र शासनाने ते घर २०१५ मध्ये विकत घेतले आणि १४ नोव्हेंबर २०१५ रोजी तेथे स्मारकाचे उद्घाटन झाले. कोलंबिया आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स या दोन्ही ठिकाणी त्यांचे अर्धपुतळे आहेत. बडोद्याच्या सयाजी बागेतील ती जागा संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते. दरवर्षी २३ सप्टेंबर रोजी दूरदुरून आलेली माणसे तेथे वंदन करतात. त्या गर्दीत जुन्या बडोदेकर मराठी घरांतील माणसे किती असतात, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारावा.

आपल्या घरांत सयाजीरावांच्या काळातील आठवणी जतन केलेल्या असतात. पणजोबांची नेमणुकीची सनद, आजोबांचे कलाभवनातील प्रमाणपत्र, दसऱ्याच्या स्वारीचे छायाचित्र, असे पुष्कळ काही असते. परप्रांतात येऊन स्थिरावलेल्या माणसांना जागेचे मोल अधिक कळते, असे आपण म्हणतो. आपल्यातील अनेकांच्या पूर्वजांना या शहराने वाडा दिला, वतन दिले, शाळेत जागा दिली. त्याच शहरात, त्याच भाषेच्या एका माणसाला, त्याच राजाच्या नेमणुकीचा कागद खिशात असताना, रात्रीच्या गाडीपर्यंत बागेत बसावे लागले. या दोन्ही गोष्टी आपल्याच इतिहासातील आहेत. घराण्याचा वृत्तान्त लिहिताना किंवा नातवंडांना बडोद्याची थोरवी सांगताना शिष्यवृत्तीचे पान वाचून झाले की पुढचे पानही वाचावे. लंडनने चार वर्षे एक जागा राखून ठेवली, हे मुलांना सांगताना बडोद्याने अकरा दिवसांत काय केले हेही सांगावे.